पेनड्राइव्हवरून लिनक्स बसत नाही तेव्हा

पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवताना काम अडले, तर पहिला संशय आयएसओ फाइलवर घ्यावा. ही फाइल काही जीबींची असते आणि डाउनलोड मध्येच तुटले तर ती अपुरी राहते. त्यासाठी अधिकृत संकेतस्थळावर एसएचए-२५६ ही ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या फाइलची खूण काढून ती तिच्याशी ताडावी. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी फाइल पुन्हा उतरवावी. हा तपास अनेकजण टाळतात आणि पुढे तासन्‌तास वाया घालवतात.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती लिहावी लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरचा जुना मजकूर पुसला जातो. एवढे करूनही विंडोजच सुरू होत असेल, तर कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडावा.

सुरुवातीलाच पडदा काळा पडला, तर कारण बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचे असते. ग्रब मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत जोडावा.

हार्डडिस्कच दिसत नसेल, तर बायोसमधील इंटेल आरएसटी बदलून एएचसीआय करावे लागते. मात्र पूर्वतयारी न करता हा बदल केल्यास आधीचे विंडोज सुरू होत नाही. म्हणून कागदपत्रे, फोटो आणि बिटलॉकरची रिकव्हरी की आधीच दुसरीकडे जपून ठेवावी.