इतर खर्च म्हणजे काय?



आम्ही माजलगावचे. पावसाळ्यात घर गळायचे. जुने पत्रे काढून स्लॅब टाकायचे ठरले. एका कंपनीने एक लाखाचे कर्ज मंजूर केले. आम्ही अंगठा दिला. खात्यात आले ९३,६०० रुपये. बाकीचे ६,४०० गेले कुठे?

कारकून म्हणाला, "इतर खर्च. सगळ्यांनाच असतो." आम्ही मुकाट्याने परत आलो. चुकलेच ते.

रात्री सुनेने कागद वाचला. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे. नवे कर्ज देताना सगळ्या खर्चाचा तक्ता आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. तक्त्यात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. आमच्या तक्त्यात २,००० होते. ४,४०० चे नावच नव्हते!

मग लेखी अर्ज दिला. पोचेचा शिक्का मारीनात, तेव्हा तासभर बाकावर बसून राहिलो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, असे अर्जात लिहिले. तिथे फी लागत नाही. हप्ते मात्र चालू ठेवले. भांडण खर्चाचे होते, कर्जाचे नव्हे.

बाविसाव्या दिवशी ३,१०० परत आले. तो विम्याचा हप्ता होता. विमा आम्ही मागितलाच नव्हता. १,३०० अजून बाकी आहेत. दुसरा अर्ज काल दिला. त्यावर अंगठा नाही, सही आहे.