हिशेबाची तारीख आणि मतदानाची तारीख



राजकीय पक्षांच्या निधीविषयीची चर्चा आपल्या देशात बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहते. पैसा कोणी दिला आणि किती दिला? हे मतदाराला केव्हा कळते, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो पहिल्या दोन प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे. माहिती ही नाशवंत वस्तू आहे. आझादपूरच्या मंडईत लिलाव आटोपल्यावर पोहोचलेल्या भाजीला जसा भाव मिळत नाही, तसेच मतदान आटोपल्यावर हाती आलेल्या माहितीचे होते. ती अभ्यासकाच्या उपयोगी पडते. मतदाराच्या निर्णयाला तिचा उपयोग उरत नाही.

मुदतींची रचना

आपल्या कायद्यात हिशेबाच्या मुदती एका ठिकाणी नाहीत. उमेदवाराला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. पक्षांना आपल्या निवडणूक खर्चाचे विवरण निवडणूक आयोगाकडे द्यावे लागते. त्यासाठी विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांची आणि लोकसभा निवडणुकीनंतर ९० दिवसांची मुदत आहे. तिसरी मुदत देणग्यांची. एका आर्थिक वर्षात २० हजार रुपयांहून अधिक रक्कम देणाऱ्यांची यादी पक्षाने आयोगाला द्यावी, असे कलम २९-सी सांगते. या अहवालाची तारीख मात्र निवडणुकीशी नव्हे, तर आयकर विवरणपत्राच्या मुदतीशी जोडलेली आहे.

याचा परिणाम दिल्लीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दिल्ली विधानसभेसाठी ५ फेब्रुवारी २०२५ रोजी मतदान झाले आणि ८ फेब्रुवारीस निकाल लागले. उमेदवारांचे हिशेब १० मार्चपर्यंत आणि पक्षांचे खर्चाचे विवरण एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत अपेक्षित होते. परंतु ऐन प्रचारात, जानेवारी २०२५ मध्ये मिळालेली देणगी २०२४-२५ या आर्थिक वर्षात मोडते. तिच्या अहवालाची नेहमीची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५, म्हणजे मतदानानंतर जवळजवळ नऊ महिन्यांची. त्या वर्षी लेखापरीक्षण आवश्यक असलेल्या करदात्यांसाठी विवरणपत्राची मुदतच १० डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. करदात्यांच्या सोयीसाठी दिलेली वाढ मतदाराच्या माहितीलाही पुढे ढकलू शकते, हा या जोडणीतील मूलभूत दोष होय.

लोकसभेच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील नोएडा व गाझियाबाद येथे २६ एप्रिल २०२४ रोजी, तर दिल्ली, गुरुग्राम व फरिदाबाद येथे २५ मे रोजी मतदान झाले. या दोन्ही तारखांच्या आधी मिळालेल्या, पण १ एप्रिलनंतरच्या प्रत्येक देणगीचा अहवाल थेट पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षाने देय होता.

आजवरची वाटचाल

या क्षेत्रात काहीच घडले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७८ च्या दुरुस्तीने आयकर कायद्यात कलम १३-ए आले आणि हिशेब ठेवणे व लेखापरीक्षण करणे या अटींवर पक्षांना करसवलत मिळाली. पुष्कळ पक्ष विवरणपत्रच भरत नव्हते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९६ रोजी दिलेल्या निकालाने त्यांना या कर्तव्याची जाणीव करून दिली. २००३ मध्ये देणगी अहवालाची तरतूद झाली. २०१७ च्या वित्त कायद्याने रोख देणगीवर दोन हजार रुपयांची मर्यादा घातली आणि विवरणपत्र वेळेत भरणे ही सवलतीची अट केली. जुलै २०२३ मध्ये आयोगाने सर्व अहवाल ऑनलाइन सादर करण्याची सोय केली.

मुदतीचे खरे मोल २०२४ च्या मार्च महिन्यात दिसून आले. निवडणूक रोखे योजनेखाली मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात ३० टप्प्यांत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि भारतीय स्टेट बँकेने ६ मार्चपर्यंत आयोगाला तपशील द्यावा, असा आदेश दिला. बँकेने ३० जूनपर्यंत मुदतवाढ मागितली. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली. दुसऱ्या दिवशी माहिती आयोगाकडे पोहोचली आणि १४ मार्चला ती प्रसिद्ध झाली. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांकही मिळाले आणि देणगीदार व पक्ष यांची सांगड घालणे शक्य झाले.

लोकसभेचे मतदान १९ एप्रिलला सुरू झाले आणि निकाल ४ जूनला लागला. मुदतवाढ मंजूर झाली असती, तर हीच माहिती निकालानंतर हाती आली असती. आकडे तेच, नावे तीच. केवळ तारखेच्या फरकाने त्या माहितीचे लोकशाहीतील मूल्य बदलले असते.

मुदत चुकल्यास काय?

मुदतीला परिणामाची जोड नसेल, तर ती केवळ विनंती ठरते. उमेदवाराने योग्य कारणाविना हिशेब दिला नाही, तर कलम १०-ए खाली तो तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. महाराष्ट्रातील भोकर मतदारसंघाच्या २००९ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हिशेब केवळ वेळेत आला का, एवढेच नव्हे, तर तो खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो.

पक्षांच्या बाबतीत मात्र परिणाम मुख्यतः कराचा आहे. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या दिल्ली पीठाने जुलै २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अपील फेटाळले. ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत असताना विवरणपत्र २ फेब्रुवारी २०१९ रोजी दाखल झाले होते, तसेच दोन हजारांहून अधिक रकमेच्या रोख देणग्या स्वीकारल्या गेल्या होत्या. या कारणांनी सुमारे १९९ कोटी रुपयांवरील सवलत नाकारली गेली. हा धडा सर्वच पक्षांसाठी आहे. परंतु अशा कारवाईतून कर सरकारी तिजोरीत येतो. मतदाराला हवी असलेली माहिती त्यामुळे एक दिवसही लवकर मिळत नाही.

नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांची स्थिती याहून चिंताजनक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने, सहा वर्षांत निवडणूक न लढवलेल्या ४७४ पक्षांची नावे यादीतून वगळली. त्याच वेळी, निवडणुका लढवूनही २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब वेळेत न देणाऱ्या ३५९ पक्षांविरुद्ध प्रक्रिया सुरू केली.

पुढील दिशा

अन्य लोकशाही देशांनी मुदत निवडणुकीशी जोडली आहे. ब्रिटनमध्ये पक्ष एरवी तिमाही अहवाल देतात. सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात तो दर आठवड्याला द्यावा लागतो. अमेरिकेत मतदानाच्या अखेरच्या टप्प्यात उमेदवाराच्या समितीला मिळालेली एक हजार डॉलर वा अधिक रकमेची देणगी ४८ तासांत कळवावी लागते. जर्मनीत ३५ हजार युरोहून मोठी देणगी विनाविलंब जाहीर करावी लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नाव लगेच उघड झाल्यास देणगीदाराला सूडाची भीती वाटेल. परंतु २० हजारांवरील नावे कायद्याने आजही उघड होतातच. येथे प्रश्न केवळ विलंबाचा आहे. दुसरा आक्षेप लहान पक्षांवरील भाराचा. तो रास्त आहे. त्यासाठी तातडीच्या अहवालाची रकमेची मर्यादा बरीच वरची ठेवता येईल.

तेव्हा तीन सुधारणा विचारार्ह ठरतात. एक, निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत आलेली मोठी देणगी काही दिवसांत जाहीर करणे बंधनकारक असावे आणि प्रत्येक रकमेपुढे ती मिळाल्याची तारीख असावी. दोन, देणगी अहवालाची तारीख आयकराच्या मुदतीपासून वेगळी करून कायद्यातच निश्चित करावी. तीन, संपूर्ण सवलत किंवा काहीच नाही, या टोकांऐवजी विलंबाच्या दर दिवसागणिक वाढणारा दंड असावा.

पहिल्या दोन सुधारणांसाठी कलम २९-सी मध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागेल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. देणग्या बँकेतून येतात आणि अहवालाची ऑनलाइन सोय अस्तित्वात आहे. प्रचाराच्या काळात उमेदवाराची खर्चवही किमान तीन वेळा तपासली जाते. त्याच काळात पक्षाकडे येणाऱ्या पैशाचा हिशेब मात्र पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहत राहतो. ही विसंगती दूर झाली, तर मतदाराला मतदानकेंद्रात जाण्यापूर्वी जे कळायला हवे, ते वेळेवर कळेल.