कठीण दिवसांतील प्रसन्नता
(शहापूर, जि. भंडारा येथील भाषण)



सन २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा जिल्ह्यातील घरांत शिरला. अशा वेळी ‘आनंदी राहा’ हा उपदेश पोकळ ठरतो. नित्यक्रम मोडला की दिवस लांबतो व चिंता वाढते. म्हणून शिक्षकाने घरी तीन नियम पाळावेत : ठरल्या वेळी उठणे, मुलांसह अर्धा तास मोठ्याने वाचन आणि सायंकाळी शेजाऱ्याची विचारपूस. संकट मुलांपासून लपवू नये. थोडक्यात, खरे सांगावे व त्यांच्या हाती काम द्यावे. भिजलेली पुस्तके वाळविणारे मूल रडणे विसरून चित्रे पाहू लागते. शाळा पुन्हा भरते तेव्हा मुले पाठापूर्वी गुरुजींचा चेहराच वाचतात. त्याची तयारी घरीच व्हावयास हवी.