विचारायचं राहून जातं ते



 तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या लैंगिक आरोग्याबद्दल दोन दिवस मोकळेपणी बोलायला आपण लांबून पुण्यातल्या या परिषदेला आलात, याचा मला फार आनंद आहे.

आमच्या ओपीडीत शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेला माणूस, सहसा एकटा येत नाही. शेजारी शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी आई नाहीतर भाऊ असतो. झोप लागते का, जेवतो का, गोळ्या घेतो का, सगळ्याची उत्तरं तेच देतात. या गोळ्यांतल्या रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकतं. मग पुरुषाची इच्छा मंदावते, ताठरता येत नाही. आईदेखत पंचविशीतला मुलगा हे सांगणार कसा? तो गप्प बसतो, गोळ्या गादीखाली जातात, आजार उलटतो. फायलीत आम्ही लिहितो, 'औषधं नियमित घेत नाही'.

बाईची याच औषधाने पाळी थांबू शकते. आता दिवस राहणार नाहीत, असं समजून ती निर्धास्त होते. औषध बदललं की पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल, तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहण्याची भीती. संततिनियमनाबद्दल विचारणं हे माझ्या मते आपलंच काम आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांवर सोडून देण्याचं नव्हे.

आणि जबरदस्तीबद्दलही विचारायला हवं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असलेल्या 146 स्त्रियांशी याविषयी बोलून संशोधकांनी केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. 50 जणींनी लैंगिक बळजबरी सोसली होती, त्यांतल्या 30 जणींनी तोवर कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. बळजबरी करणाऱ्यांत नवरे बरेच होते. म्हणून माझा आग्रह आहे, दर तपासणीत पाच मिनिटं नातेवाइकांना बाहेर बसवा. शुभंकरांनो, यात तुमच्यावर अविश्वास नाही.

बळजबरी घरातच होते असं नाही. याच शहरात 1994 साली शिरूरच्या शासकीय निवासगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. ती गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला मनाई केली आहे. तो कायदा आपल्या वॉर्डांत पोचवायचा आहे.

दुपारी शुभार्थी स्वतः बोलतील. त्या सत्रात फोटो, रेकॉर्डिंग कृपया नको. शुभंकरांची बैठक शेजारच्या दालनात आहे. उद्घाटनासाठी अध्यक्ष महोदयांना मी विनंती करतो.