पावलाची उंच कमान

परभणीच्या काळ्या रानात अनवाणी चाललं की ओल्या मातीत पाऊल उमटतं. टाच आणि चवडा उमटला, पण मधला भाग जवळजवळ कोराच राहिला, तर तळपायाची कमान उंच आहे. काहींची ठेवणच तशी असते. पण कमान वाढत चालली, बोटं वाकली, पाय सारखा मुरगळू लागला, तर नसांच्या आनुवंशिक आजाराची शंका घ्यायलाच हवी. शार्को, मारी आणि टूथ या डॉक्टरांनी 1886 मध्ये वर्णन केलेला आजार अशा आजारांतला प्रमुख. त्याच्या बहुतेक प्रकारांत आई किंवा वडिलांना आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भावंडांचे आणि आईवडिलांचे पायही डॉक्टरांना दाखवा.

अशा पायाची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ एक साधी, पण फार मोलाची चाचणी करतात. टाच आणि पावलाची बाहेरची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवायची, अंगठ्याकडचा चवडा खाली सोडायचा. आत कललेली टाच सरळ झाली, तर तिचा सांधा अजून लवचिक आहे. नाही झाली, तर शस्त्रक्रियेत टाचेकडेही लक्ष द्यावं लागतं.

एकाच पायाची कमान वाढत असेल, तर मणक्याची तपासणी टाळू नका. पायाला बधिरपणा आणि अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करा. त्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. आणि पाय बधिर असेल, तर वावरात अनवाणी जाऊ नका. काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री तळवे पाहा.