खेळाचा लॅपटॉप आणि फिरतीची नोकरी

फिरतीची नोकरी, आणि रात्री मुक्कामी खेळायची हौस! अशा गृहस्थांनो, गेमिंग लॅपटॉप घेताना आधी वजन विचारा. यंत्र अडीच किलोचे, ठीक. पण त्याचा चार्जर? ती वीट कधी कधी पाऊण किलोची निघते, अन् जाहिरातीतल्या वजनात ती धरलेलीच नसते! माझ्या मते १४ इंची, यूएसबी-सीवरही चार्ज होणारा घ्यावा. नुसते कचेरीचे काम असले तर वीट घरीच राहते. चिपच्या नावावर मात्र भुलू नका. आरटीएक्स ४०६० ही एकच चिप. पण कोणी तिला ३५ वॅट वीज देतो, कोणी ११५. तो आकडा दुकानदाराकडून वदवून घ्याच. विमानाने जाणार असाल, तर बॅटरी १०० वॅट-तासांच्या आतली हवी. मग वेगळी परवानगी लागत नाही.