टायमिंग बेल्ट घरी बदलताना

खडकीहून जुन्या मुंबई रस्त्याने दापोडी ओलांडून पुढे गेलं की पिंपरी लागते. तिथल्या कारखान्यात घडलेली टाटा इंडिका 1998मध्ये लोकांसमोर आली. तिच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. ही सांगड दातेरी रबरी पट्टा राखतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि काम थेट हेड उतरवण्यापर्यंत जातं. म्हणून तो तुटायची वाट पाहू नका. किलोमीटर किंवा वर्षं, गाडीच्या पुस्तकातली जी मर्यादा आधी येईल ती पाळा.

घरी बदलणार असाल तर इंजिन थंड हवं, बॅटरी सोडलेली हवी. जुना पट्टा काढण्याआधी पुलीवरच्या खुणा जुळवा. टेन्शनरही नवाच बसवा. इथली काटकसर मला अजिबात पटत नाही. मग पाना लावून क्रँक हातानेच, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. अडला तर जोर लावू नका. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या तरच स्टार्टर मारा. एका दाताचाही फरक दिसला, तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.